शाई

आईला शेवटची आंघोळ घातली मी आणि सुलोमीमावशीनं,
भायखळ्याच्या इस्पितळातून आणल्यावर, दार लोटून.
अंगठ्यावर निळी शाई होती.
रॉकेल लावलं, लिंबू लावलं,
रेघांच्या आत बसलेली, निघेना.
मावशी म्हणाली, असू दे गं, मातीत सगळं जातं.
आई तशीच गेली पेटीत,
हातात पांढरे हातमोजे.

नंतर कळलं, आदल्या रात्री
सिलास आला होता वॉर्डात, एक कागद घेऊन.
तेव्हा आई कोणालाच ओळखत नव्हती.
मला म्हणायची, सिस्टर, पाणी.

आग्रीपाड्याची खोली. दहा बाय बारा,
मोरी, पोटमाळा,
भिंतीत एक खिळा, बाबांच्या टोपीचा.
एवढ्यासाठी?
हो, एवढ्यासाठीच.

अकरा वर्षं धोबीतलावला तारखा.
अकरा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी
प्रभुभोजनाच्या वेळेला मी उठून
बाहेर पायरीवर उभी राहते.
आतून ऐकू येते
छोट्या काचेच्या पेल्यांची किणकिण.

वाघचौरे पाळक म्हणतात, बाई, सोडून द्या आता.
देवानं तुमचं सोडलं ना?
सोडलं. पण मी बत्तीस वर्षं पतपेढीत होते, पाळकसाहेब.
कर्ज माफ करायचं तर आधी
खात्यावर लिहावं लागतं, रकमेसकट, नावासकट.
कोरं पान काय खोडणार?
आणि माझ्या वाटणीचं मी सोडीनही,
अंगठा आईचा होता.
ते बशीतला चहा फुंकत राहतात.

मारणाऱ्यांसाठी त्यानं क्षमा मागितली, मला माहीत आहे.
पण तिसऱ्या दिवशी उठल्यावर
त्यानं हात झाकले नाहीत.
भोकं तशीच ठेवली,
थोमाला म्हणाला, बघ, बोट घाल.

यंदाच्या मार्चातली तारीख.
कोर्टाच्या व्हरांड्यात सिलास फलकासमोर,
डोळे बारीक करून, कागदावरून बोट फिरवत,
भलत्याच पानावर.
मोतीबिंदू असावा. बरोबर कोणी नाही.
त्याची बायको गेल्याचं मला तिसऱ्याकडून कळलं होतं.
मी गेले नव्हते.
त्याची नोंद माझ्या खात्यावर आहे.

"सतरा," मी म्हणाले. "आपला नंबर सतरा."
हे 'आपला' कुठून आलं कोण जाणे.
तो वळला नाही. म्हणाला,
"जेवणाच्या सुट्टीआधी की नंतर?"
"नंतर."

बाकावर डबा उघडला. सुकटाची चटणी, आई करायची तशी.
अर्धी भाकरी रुमालावर ठेवली, दोघांच्या मधे,
आणि मी खिडकीकडे बघत राहिले.
बऱ्याच वेळानं पाहिलं तर रुमालावर चुरा होता.

माझ्या वकीलबाई चिडल्या. असलं काही करू नका,
समोरच्याला वाटेल तुम्ही तडजोडीला आलात.
मी खटला मागे घेतलेला नाही.
त्याला उभं राहून सांगावं लागेल
ती रात्र, तो वॉर्ड, आईचा हात कोणी धरला,
मग खोली कोणालाही मिळो.
फक्त, त्याचं वाईट व्हावं म्हणून
रोज रात्री दिवा मालवल्यावर
शब्द न वापरता जी प्रार्थना करत असे,
ती गेल्या आठवड्यात करायची राहून गेली.
लक्षातही आलं ते दुसऱ्या दिवशी, भांडी घासताना.

परवा प्रतिज्ञापत्रावर सहीसोबत माझाही अंगठा घेतला.
साबणानं गेला नाही. मीही फार घासला नाही.

आज पहिला रविवार.
पाय पायरीकडे निघाले होते, पण गुडघा दुखत होता
आणि बाक सोडवेना.
तबक आलं.
निळ्या अंगठ्यानं मी पेला उचलला.

दोन बाकं पुढे सिलास.
मानेवर केस वाढलेत,
न्हाव्याकडे नेणार कोण त्याला.

पुढची तारीख बावीस जून.